कालचा रकाना

दवाखान्यात कुणी कधी कामावर यायचं हे ज्या बाई ठरवायच्या, त्यांना सगळे ड्युटीताई म्हणत. खरं नाव पगाराच्या दिवशी तेवढं कामी यायचं. डॉक्टर मोठे, यंत्रं महागडी, सगळं कबूल. पण रात्री वॉर्डातल्या दिव्याखाली कोण बसणार हे ताईंनी ठरवल्याशिवाय त्या मोठेपणाचा काडीचा उपयोग नव्हता.

ताईंचं टेबल जिन्याखाली. डोक्यावरून दिवसभर चपलांचे आवाज, शेजारी मोडक्या व्हीलचेअर आणि समोर फोन. फोन उचलला की तेच रडगाणं. "ताई, पोर तापलंय." "ताई, सासूबाई पडल्या." ताई कडाडायच्या, "सगळ्यांच्या सासवा याच आठवड्यात कशा गं पडतात? ठरवून पडतात का?" आणि पुढच्या मिनिटाला गुपचूप दुसरी सिस्टर शोधायला लागायच्या. जीभ तिखट, पण त्यांच्या टेबलावरून कुणी रडत परत गेलं नाही.

शोधायची त्यांची एक पद्धत होती. कॉम्प्युटरवरची ड्युट्यांची फाइल उघडली की पहिली नजर कालच्या रकान्यावर. काल रात्र कुणी केली? तिला आज बोलवायचं नाही, मग वॉर्डात आग लागो. जागून घरी गेलेल्या बाईला पुन्हा उठवून आणलं की तिच्या हातून काय होईल याचा भरवसा नसतो, हे ताई स्वतः सिस्टर असताना अंगावर घेऊन शिकल्या होत्या. त्यामुळे त्यांचं आजचं काम नेहमी कालपासून सुरू व्हायचं.

आणि त्या सोमवारी काल नव्हताच.

फाइल उघडताना वर एक पिवळी पट्टी आली होती. ती ताईंनी न वाचता दाबली. त्या ऑफिसात वाचून दाबायची रीतच नव्हती. पिवळं दिसलं की दाबायचं, लाल दिसलं की कॉम्प्युटरवाल्याला हाक मारायची, एवढं शास्त्र सगळ्यांना पुरत होतं. पट्टी गेली आणि पडद्याने डोळा मिटून उघडल्यासारखं केलं. अक्षरं ढब्बू झाली. वरची सगळी बटणं नाहीशी. ओळींच्या कडेचे आकडे, मधल्या बारीक रेघा, काही म्हणता काही नाही. ते एक वेळ चाललं असतं. पण रविवार कुठे गेला? शनिवार? महिना सोमवारपासूनच सुरू होत होता. त्याआधी दवाखान्यात कुणी आजारीच पडलं नव्हतं बहुतेक!

"अरे देवा," ताई म्हणाल्या, आणि हाक गेली.

कॉम्प्युटरवाला हातात चहा घेऊनच आला. भला माणूस, पण नियमाचा पक्का. तक्रार कसलीही असो, आधी ती त्याच्या तक्रारींच्या फाइलीत चढायची, आणि तीही तक्रार करणाऱ्याच्याच मशीनवर. माणूस बेशुद्ध पडला असता तरी याने आधी नोंद केली असती. त्याने खुर्ची ओढली, पडद्याकडे न बघता आपली फाइल उघडली, 'बटणं गायब' असं टाइप केलं आणि मग शेजारी ताईंची फाइल बघितली.

"आहेत की बटणं."

ताईंनी मान पुढे काढली. होती. आकडे होते, रेघा होत्या, शनिवार-रविवार शहाण्या मुलांसारखे जागेवर बसले होते.

"आत्ता नव्हती रे!"

"आता आहेत ना? मग झालं." त्याने आपली फाइल बंद केली, चहा उचलला आणि तो जिना चढायला लागला. त्याची पाठ वळली तोच ताईंच्या डोळ्यांदेखत बटणं पुन्हा गेली. मागोमाग रविवारही गेला. आता परत हाक मारून काय सांगायचं? तू गेलास की जातात?

दुसऱ्या दिवशी त्यांनी तेच सांगितलं. तो आला, बसला, नोंद केली, आणि बटणं आली. या खेपेला तो हसला. "ताई, मशीन माझ्यावर खूश दिसतंय. तुम्ही एकदा डोळे तपासून घ्या. नाहीतर डोकं." आणि स्वतःच्या विनोदावर खिदळत निघून गेला.

त्याला काय माहीत? त्याने गंमत केली, पण ताईंना एकदम आई आठवली.

ताईंच्या आईचं असंच सुरू झालं होतं. "इथे तर होतं," आई म्हणायची, आणि कधी वाटी शोधायची, कधी किल्ली, कधी खिडकी. खिडकी तिथेच असायची. सगळे हसायचे, ताईसुद्धा हसल्या होत्या. मग आई शोधायची थांबली आणि माणसांना विसरायला लागली. शेवटी शेवटी ताई तिचे केस विंचरत असताना ती फार अदबीने विचारायची, "तुम्ही कुणाकडच्या?" ताईंना त्या प्रश्नाचं जितकं दुखलं, त्याहून जास्त त्या अदबीचं दुखलं होतं. तेव्हापासून एक भीती त्यांच्या मनात घर करून होती, आणि आता ती सरळ टेबलावर येऊन बसली.

घरी त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही. घरी होतं तरी कोण? नवरा. नकाशे काढण्याच्या कचेरीतून निवृत्त झालेला, बारीक, नीटनेटका, मिशीतल्या मिशीत पुटपुटणारा गृहस्थ. त्याचं अर्धं बोलणं मिशीत अडकायचं आणि उरलेल्या अर्ध्याला ताई "बरं, बरं" म्हणायच्या, यावर तो संसार सुखाने चालला होता. आता या माणसाला काय सांगायचं? की मला रविवार दिसत नाही?

बुधवारी व्हायचं ते झालं. दुपारच्या सिस्टरचा निरोप आला, येत नाही म्हणून. ताईंनी फाइल उघडली. मंगळवार नाही. हाक मारावी तर परत तो, परत त्याची नोंद, परत त्याचं हसणं. ताईंनी डोळे मिटले आणि आठवायला लागल्या. काल रात्री कोण? मोठ्या सिस्टर होत्या बहुतेक. नाही, त्या सोमवारी. की कालच? हो, नक्की मोठ्याच. म्हणजे नवी मोकळी. त्यांनी नव्या सिस्टरला फोन केला. ती पोरगी नुकतीच लागलेली, ड्युटीताईंचा शब्द तिच्यासाठी वरच्या कोर्टाचा हुकूम. झोपेतून उठली, तोंड धुतलं आणि आली. रात्रभर जागलेली होती ती. दुपारी तिने एका आजोबांसाठी शेजारच्या खाटेवरच्या माणसाचं इंजेक्शन भरलं. सुई टोचायच्या आत दुसऱ्या सिस्टरने तिचा हात धरला म्हणून बरं, नाहीतर काय झालं असतं ते बोलवतही नाही.

मेट्रनबाईंनी ताईंना आपल्या खोलीत बोलावलं. त्या रागावल्या नाहीत, हेच वाईट. त्यांनी स्वतःच्या मशीनवर ताईंची फाइल उघडली आणि बोट ठेवलं. "हा मंगळवार. ही रात्र. नवी सिस्टर. ताई, तुम्हीच लिहिलंय हे."

ताई बघत राहिल्या. मंगळवार होता. तिथे होता, ठळक होता, त्यांच्याच हातचा होता.

"मला... माझ्याकडे दिसत नाही तो," त्या म्हणाल्या. आपलं वाक्य आपल्याच कानांना कसं ऐकू गेलं, ते त्यांचं त्यांनाच माहीत.

मेट्रनबाईंनी पाण्याचा पेला पुढे केला. "बरं नाहीये का तुम्हाला?"

"दुसरं कुणीतरी बघा या कामाला," ताई भडाभडा बोलून गेल्या. "आज हात धरला कुणीतरी. उद्या नाही धरला तर?"

"असं तडकाफडकी काही ठरवू नका. सोमवारी बोलू. तोवर नीट विचार करा."

विचार कसला करायचा? ताईंनी तो जिना उतरतानाच करून टाकला होता. सोमवारी जायचं आणि टेबल सोडून द्यायचं. दुसरीकडे कुठे बसवलं तर बसू, पट्ट्या गुंडाळू, फोन उचलू. जिथे चुकलं तर कुणाचा जीव जाणार नाही असं काहीतरी. आयुष्यभर दुसऱ्यांना रजा दिली, आता स्वतःला द्यायची. एवढं ठरवून त्या व्हीलचेअरच्या आडोशाला बसल्या आणि पदराने डोळे पुसले.

दर रविवारी ताई फाइल पेनड्राइव्हवर घरी आणायच्या. जेवणाच्या टेबलावर, नवऱ्याच्या मशीनवर पुढच्या आठवड्याच्या ड्युट्या लावायच्या आणि सोमवारी तीच फाइल दवाखान्यात परत न्यायच्या. या रविवारी आणली नाही. नवरा सकाळपासून दोनदा टेबल पुसून गेला, मशीन उघडून ठेवून गेला. शेवटी त्याला राहवेना.

"फाइल नाही आणलीस?"

"नाही."

"का गं?"

"आता नाही आणणार."

त्याने मिशी चाचपली. मग चेहरा असा पडला त्याचा, की बघवेना. "आवडलं नाही का तुला? मी केलं ते?"

"काय केलंत?" ताई म्हणाल्या.

"ते... फाइलचं. मोठी अक्षरं. आणि बाकीचा पसारा काढला ना मी. मॅक्रो लावून."

ताई हळूहळू उठल्या. "अहो," त्या म्हणाल्या, "काय पसारा काढला?"

आता हा माणूस निवृत्त झाल्यापासून व्हिडिओ बघून बघून मॅक्रो, म्हणजे मशीनला आधीच लिहून द्यायचे हुकूम, शिकला होता हे ताईंना माहीत होतं. म्हणजे त्याच्याबद्दल तो काहीतरी पुटपुटत असतो हे माहीत होतं. दुधाचा हिशोब, विजेचं बिल, सगळ्याला त्याने मॅक्रो लावले होते. त्याने मशीन पुढे ओढलं, घरात ठेवलेली फाइलची प्रत उघडली आणि उत्साहाने दाखवायला लागला. हे बघ, फाइल उघडली रे उघडली की मशीनला ते कळतं. फाइल सोडून दुसऱ्या फाइलीत गेलं की तेही कळतं. परत आलं की तेही. अशा प्रत्येक वेळी काय करायचं हे आपण आधीच लिहून ठेवायचं. मी लिहिलंय, ही फाइल पुढ्यात आली की अक्षरं मोठी कर, बटणं लपव, रेघा काढ, आणि होऊन गेलेले दिवस झाकून टाक. फाइल सोडली की सगळं जसंच्या तसं. दुसऱ्या कुणाला त्रास नको.

"दुसऱ्या कुणाला त्रास नको," ताई म्हणाल्या.

"हो ना. नकाशात कसं, नको ती रेघ खोडायची. तू दर रविवारी डोळे बारीक करून बसतेस, सरकवत सरकवत आजच्या तारखेपर्यंत येतेस. म्हटलं होऊन गेलेले दिवस कशाला हवेत मध्ये?"

"कशाला हवेत?" ताईंचा आवाज चढला. "अहो, होऊन गेलेल्या दिवसावरच सगळं चालतं माझं! काल रात्री कोण जागलं ते कळल्याशिवाय आज कुणाला बोलवू मी? तुमच्या त्या रेघा खोडण्यापायी एका म्हाताऱ्याला भलतंच इंजेक्शन बसलं असतं! पोरीची नोकरी गेली असती! आणि मी... मी आठवडाभर समजतेय की माझं डोकं गेलं! आईसारखं!"

आणि मग आठवडाभराचं सगळं बाहेर पडलं. कॉम्प्युटरवाला, त्याची नोंद, येणारी जाणारी बटणं, मेट्रनबाईंच्या खोलीतला मंगळवार. नवरा ऐकता ऐकता पांढरा पडला. "त्याने स्वतःची फाइल उघडली, म्हणून तुझी सुटली," तो हळूच म्हणाला, "म्हणून सगळं परत आलं. आणि मेट्रनबाईंनी ती पिवळी पट्टी दाबली नसेल. ती दाबली नाही तर मॅक्रो झोपूनच राहतात."

ताई ऐकत होत्या. आधी राग आला, मग राग आवरता आवरता हसू फुटलं, आणि हसता हसता त्या खुर्चीत बसून रडल्या. म्हणजे डोकं ठीक होतं. बटणं खरंच जात होती! मंगळवार खरंच झाकलेला होता! जीव असा भांड्यात पडला की त्याचा आवाज शेजारी गेला असता.

"पण अहो," डोळे पुसत त्या म्हणाल्या, "करायचं होतं ते केलंत, मला एका शब्दाने सांगायचं तरी!"

"सांगितलं होतं की," नवरा म्हणाला.

"पुटपुटला असाल."

"नाही गं. मागच्या रविवारी. इथेच. तू वाटाणे सोलत होतीस. मी मशीन तुझ्यासमोर ठेवून सगळं दाखवलं. तू म्हणालीस, बटणं कशाला काढता. मी म्हटलं, राहू देऊ का? तर म्हणालीस, नको, काढा, नाहीतरी मला दोनच लागतात. आणि म्हणालीस, अक्षरं अजून मोठी करा, मला म्हातारीला. मग मी अजून मोठी केली."

ताई हसत होत्या त्या थांबल्या. ते वाक्य त्यांचंच होतं. 'मला म्हातारीला' असं दुसरं कुणी बोलत नाही. वाटाणे आठवत होते. हिरवी सालं कागदावर पडलेली, एक वाटाणा टेबलाखाली गेलेला, तोसुद्धा आठवत होता. मशीन आठवत नव्हतं. त्यांनी डोळे मिटून पाहिलं. वाटाणे होते, सालं होती, आणि त्यांच्या पलीकडे जिथे नवरा बसलेला असायला हवा, तिथे काहीच नव्हतं.

"खरंच दाखवलंत?"

नवऱ्याने त्यांच्याकडे बघितलं आणि त्याला कळलं. घाईघाईने मान हलवायला लागला. "नाही, म्हणजे... सांगणार होतो. मनात होतं माझ्या. राहून गेलं असेल. हो, राहूनच गेलं. माझीच चूक."

लग्नाला इतकी वर्षं झाली, या माणसाला खोटं बोलता आलं नाही. पण त्याचं खोटं आत्ताचं होतं की मघाचं? ताईंना काही ठरवता येईना. दर रविवारी त्या त्याला न ऐकता "बरं, बरं" म्हणतच आल्या होत्या. त्यातलंच हे एक असेल. असेल ना? की नसेल? न ऐकणारी बाई आणि विसरणारी बाई, बाहेरून दोघी सारख्याच दिसतात, आणि आतूनही त्यांना फरक करता येईना.

नवरा मशीनवर वाकला होता. "काढून टाकतो सगळं. आत्ताच्या आत्ता. पहिल्यासारखं."

"थांबा," ताई म्हणाल्या. "अक्षरं राहू द्या. दिवस मोकळे करा, सगळे. बटणं परत आणा. आणि मला सांगा, फाइल उघडली की मशीनला कळतं म्हणालात ना? मग त्या वेळी ते मला काही सांगू शकेल का? शब्दांत?"

"शकेल की. छोटी चौकट येते. ओके दाबेपर्यंत जात नाही."

"मग मी सांगते ते लिहा. आपण फाइलचं काय केलंय ते लिहा. म्हणजे मी विसरले तर ते रोज सांगेल. त्याला काय, ते कंटाळायचं नाही."

"मीही नाही कंटाळणार," नवरा म्हणाला.

"तुम्ही पुटपुटता," ताई म्हणाल्या, आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून पुढची वाक्यं सांगायला लागल्या. तो एका बोटाने टाइप करत गेला. मध्येच त्याने चष्मा काढून पुसला. काचा स्वच्छ होत्या, पण ताई त्यावर काही बोलल्या नाहीत. डॉक्टरांचं नाव त्यांनीच काढलं. तो म्हणाला, कशाला उगाच, फाइल तर दुरुस्त झाली. ताई म्हणाल्या, "फाइल झाली," आणि मग त्यानेही वाद घातला नाही.

सोमवारी मेट्रनबाई स्वतःच जिन्याखाली आल्या. "मग? काय ठरवलंत?"

ताई उठून उभ्या राहिल्या. "फाइलीत दोष होता. यांनी घरी चांगल्या मनाने केलेला. तो काढलाय. माझ्यात काही आहे का, ते मात्र अजून मला माहीत नाही. गुरुवारी दाखवून घेतेय. तोवर काम मी करीन, पण मी लावलेली ड्युटी तुम्ही वाचल्याशिवाय बोर्डावर जाणार नाही. चालेल का ते सांगा."

मेट्रनबाईंनी मग एक मोडकी व्हीलचेअर ओढली आणि तिच्यातच बसल्या. "चालेल. उघडा."

ताईंनी फाइल उघडली. पिवळी पट्टी आली. या खेपेला त्यांनी ती पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचली, आणि मग दाबली. पडद्याच्या मधोमध चौकट उघडली. दोघींनी मिळून वाचलं.

'अक्षरं मोठी केली आहेत. काहीही लपवलेलं नाही. आधी काल बघ. गुरुवारी डॉक्टर. मी सोबत येतोय.'

"शेवटचं हे कुणी लिहिलं?" मेट्रनबाईंनी विचारलं.

ताई त्या शेवटच्या वाक्याकडे बघत राहिल्या. पहिली चार त्यांनी सांगितली होती, तेवढं पक्कं आठवत होतं. पाचवं त्यांनी सांगितलं, की सांगितल्याचं विसरल्या, की त्यांची पाठ वळल्यावर त्याने आपलं आपण घातलं? काल संध्याकाळ त्यांनी पुन्हा एकदा सगळी चाळून पाहिली. सापडलं नाही.

"आठवत नाही हो," त्या म्हणाल्या. "घरी गेल्यावर विचारते."

त्यांनी ओके दाबलं आणि कालचा रकाना वाचायला घेतला.